बोर्डावरची तारीख

ऐक रे, मध्ये बोलू नकोस, आधी सगळं ऐकून घे. आपला सहदेव, खाडीकाठच्या कचेरीत टेम्पररी कारकून लागलेला ना, त्याची गोष्ट. कचेरीचं नाव नको. चोपन्नचा उन्हाळा. खाडीवरच्या तरीचा ठेका निघालेला, म्हणजे या काठावरून त्या काठावर होडीनं माणसं न्यायचा वर्षभराचा हक्क. आधी कसलं टेंडर नि काय, कोळीवाडाच होड्या चालवायचा. आता बंद लिफाफे मागवलेले.

कोळीवाड्याचा भिवाजी म्हातारा अर्ज घेऊन सहदेवकडे आला. सहदेवनं भरून दिला, सहीच्या जागेवर बोट ठेवलं, तर म्हातारा म्हणतो, "थांब, बाकीच्यांना आनतो."

दुसऱ्या दिवशी अकरा घरची अकरा माणसं हजर. सहदेवला हसू आलं.

"बाबा, एकाचा अंगठा पुरे की."

"आन तो एकला उद्या मालक झाला त? आमचे तरीला पाली असतं. आज माजी होडी, उद्या दामाजीची. नाव टाकाचा त सगल्यांचा."

सहदेवनं टेंडरची जाहिरात पुन्हा वरपासून खाली वाचली. एकाच नावाची अट कुठंच नव्हती. मग त्यानंच शाईचं पॅड पुढं केलं.

लिफाफे फुटले. कोळ्यांची बोली सगळ्यात वर. खाली एक कंत्राटदार, हेडक्लार्क हरिहररावांच्या घरी चहाला येणारा. हरिहररावांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हा अर्ज आहे का लग्नाच्या पंगतीचा फोटो? उद्या होडी बुडाली तर पकडायचं कोणाला? बाद."

मग सहदेवला आत बोलावलं. "अर्ज एकाच इसमाच्या नावे असावा, असं लिही आणि बोर्डावर लाव. तारीख मागच्या महिन्यातली टाक."

सहदेवनं मजकूर लिहिला, तारखेची जागा कोरी ठेवली.

"टाक रे. तुला कायम व्हायचंय ना?"

टाकली त्यानं. स्वतःच्या हातानं.

कोळी गप्प बसले नाहीत, थेट मुंबईला, हायकोर्टात. वकील म्हणाला, अट आधी होती का नंतर घुसडली, सगळं त्यावर आहे. तसा भिवाजी सहदेवच्या दारात.

"बोर्डाचा काम तुजेकडं. कागुद कवा लागला, तवरा शपथेवर लिवून दे."

आणि सहदेवच्या तोंडून काय निघावं? "बाबा, मला नीट आठवत नाही."

"बरं," म्हातारा म्हणाला आणि गेला.

कोर्टात सहदेव मागच्या बाकावर, कचेरीची फाईल घेऊन आलेला. जज्ज म्हणाले, ठेका कोणाला द्यायचा हे आम्ही ठरवत नाही, नियम सगळ्यांना सारखा होता का तेवढं बघतो. बोर्डावरचा तो कागद हातात घेतला, तारीख वाचली. अट आधीची, सगळ्यांना सारखी. कोळ्यांचं म्हणणं फेटाळलं. सहदेव म्हणतो, त्यांनी मान वर करून एकदा विचारलं असतं ना, हे कोणी लिहिलंय, तर मी उठलो असतो. पण ते कशाला विचारतील रे?

बाहेर जिन्यात दामाजी भडकलेला. "यानंच अंगठे घेतलं, आन यालाच ठावं नाय?"

तर भिवाजीनं उलट त्यालाच दाबलं. "त्याला आठवत नाय, त खोटा कसा लिवल तो? चांगला पोर हाय."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं सहदेव म्हणतो.

अपिलाची मुदत होती अजून. त्यानं खरं काय ते कागदावर लिहून काढलं, खाली सही तेवढी राहिलेली. सही केली की नोकरी गेली, वर खोट्या तारखेचा गुन्हा याच्याच गळ्यात. दोन आठवडे कागद खिशात. मधल्या मध्ये कायम झाल्याची ऑर्डर पण आली.

मुदत संपायच्या दिवशी तो कोळीवाड्यापर्यंत गेलेला. होड्या काठावर पालथ्या पडलेल्या. भिवाजीनं लांबूनच हात केला, "ये रं, बस." सहदेव म्हणाला, "कामात आहे बाबा," आणि तसाच मागं फिरला.

परवा हे सगळं सांगून झाल्यावर तो माझ्या तोंडाकडे बघत बसला. तू सांग, तू त्याच्या जागी असतास तर केली असतीस सही?