जाळीत राहिलेला साबण

नाकशेठच्या घरात सकाळची कॉफी नाकशेठच करत. त्यात दुसऱ्या कुणी लुडबुड केलेली त्यांना खपत नसे, बायकोनंही नाही. बायको म्हणजे पडदेवाल्या ताई. पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडून त्या लोकांच्या खिडक्यांचे पडदे आणि सोफ्यांची कव्हरं शिवत. नाकशेठ कॉफी भाजण्याच्या कारखान्यात चव बघायला होते. आलेल्या मालाची थोडी कॉफी करायची, हुंगायची, चमच्यानं फुर्रकन ओढायची, थुंकायची आणि सांगायचं, घ्या किंवा परत पाठवा. त्यांनी ‘परत’ म्हटलं की मालकीणबाईही हुज्जत घालत नसत. टोपणनाव कारखान्यातल्यांनीच ठेवलेलं. वरवर चिडले तरी ते त्यांना मनापासून आवडायचं.

घरची कॉफी हा एक सोहळाच होता. काचेचं उभट भांडं आधी गरम पाण्यानं विसळायचं. बिया तेवढ्यापुरत्याच दळायच्या, जाड्या मिठाएवढ्या; बारीक दळल्या की जाळीतून गाळ येतो आणि चव कडवट होते. पाण्याची खळखळ थांबली की मगच ओतायचं. वर फेसाचा जाड थर धरला की तो चमच्यानं हलकेच मोडायचा, आणि त्या क्षणी नाकशेठ भांड्यावर वाकून डोळे मिटत. तेव्हा घराला आग लागली असती तरी त्यांना हाक मारायची ताईंची छाती झाली नसती. मग झाकण बसवून त्याचा जाळी लावलेला दट्ट्या सावकाश खाली दाबायचा. “घाई केलीस की कॉफी रुसते,” असं ते म्हणत. ताईंचं काम एकच, प्यायची आणि कशी झाली ते सांगायचं.

मध्यंतरी नाकशेठ तापानं चांगलेच झोपले होते. उठले, कामावर गेले, सगळं पूर्ववत झालं असं ताईंनी धरून चाललं. आणि एका सकाळी पहिल्याच घोटाला त्यांच्या तोंडात साबण आला. भांडी घासायचा, लिंबाच्या वासाचा साबण. आदल्या दिवशी भांडं नाकशेठनीच धुतलं होतं आणि जाळीच्या घड्यांत फेस राहून गेला असणार. आता हे ओरडणार, भांडं ओतून देणार, या तयारीनं ताईंनी वर पाहिलं. नाकशेठ कप हातात धरून त्यांच्याकडेच बघत होते.

“आज जमून आलीय, नाही?” ते म्हणाले.

ताईंना वाटलं, थट्टा करताहेत. ते हसतील याची त्या वाट बघत राहिल्या. हसू काही आलं नाही. नाकशेठनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला.

“हो,” ताई म्हणाल्या. “छान झालीय.”

ते कामावर गेल्यावर त्या मशीनपुढे नुसत्याच बसून राहिल्या. गेल्या आठवड्यात इस्त्रीखाली कापड करपलं होतं, खोलीभर वास सुटला होता, आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. तेव्हा लक्ष गेलं नव्हतं. आता सगळं एकाला एक जुळत गेलं. नाकच गेलं तर या माणसाकडे उरलं काय? पण काळजीहून जास्त आला तो राग. रोज सकाळी भांड्यावर वाकून डोळे मिटतात, ते कुणासाठी? माझ्यासाठी नाटक? इतक्या वर्षांच्या संसारात एवढंसं सांगवलं नाही?

राग आला तरी बोलायला जीभ रेटेना. बोलावं तर माणूस तिथंच कोसळेल. म्हणून ताईंनी ठरवलं, आपणही काही कळू द्यायचं नाही. त्या दिवसापासून कॉफी पाणचट असो की जळकी, त्या चेहऱ्यावरची सुरकुती हलू देत नसत. नाकशेठ आताशा पहिला घोट घेताना टक लावून त्यांच्याकडे बघत. कौतुकाला हपापलेत बिचारे, असं त्यांना वाटे, आणि त्या आणखी गोड हसत.

रविवारी नाकशेठनी कारखान्यातून आणलेला एक पुडा फोडला. “नवा माल आलाय. मोठा सौदा आहे. उद्या सांगायचंय, घ्यायचा की नाही.”

ताईंनी घोट घेतला आणि गिळता गिळेना. गोदामात भिजलेला कापडाचा तागा उलगडला की जो भपकारा येतो, तोच. कुबट, बुरशी धरलेल्या पोत्याचा. नाकशेठ समोर बसून बघत होते, पापणी न हलवता.

“छान आहे,” ताई म्हणाल्या, आणि कप संपवला.

सोमवारी संध्याकाळी नाकशेठ घरी आले ते आवाज चढवूनच. माल त्यांनी पास केला होता. आणि बिया भाजणारी ती भट्टीवाली, कालची पोरगी, चार लोकांत म्हणाली की बियांना पोत्याचा वास येतोय! “मी म्हटलं, तू तुझी भट्टी सांभाळ, नाक माझं आहे. गप्प बसली. उद्या सकाळपासून सगळा माल भाजायला घेणार.”

“आणि भाजल्यावर कुणी नावं ठेवली तर?”

“तर भट्टीत चूक झाली असेल,” नाकशेठ म्हणाले, आणि बूट काढायला खाली वाकले.

म्हणजे खापर त्या मुलीच्या डोक्यावर फुटणार होतं. नोकरी जाणार होती ती तिची, वास बरोबर ओळखणाऱ्या मुलीची.

दुसऱ्या दिवशी त्या आधी उठल्या. नाकशेठ स्वयंपाकघरात आले तेव्हा टेबलावर दोन कप भरून ठेवलेले होते.

“आज मी केलीय. एकात नव्या मालाची आहे, एकात आपल्या डब्यातली. कुठली कुठली, ते सांगा.”

“हा काय पोरखेळ!”

“सांगा तर खरं.” ताई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. डोळे भरून आले होते, ते दिसायला नको होते.

“तू इकडे बघ ना,” नाकशेठ म्हणाले.

“तुम्ही प्या.”

फुर्र असा आवाज झाला. मग दुसऱ्या कपाचा. मग कप पुन्हा पुन्हा हलवल्याचा, टेबलावर ठेवल्याचा आवाज.

“डावीकडची नवी,” ते अखेर म्हणाले, नेहमीच्या ऐटीत. “संत्र्याच्या सालीसारखी आंबूस आहे, मागून गुळाची गोडी येते. उजवीकडची आपली. जरा जड.”

ताई वळल्या. “दोन्ही एकाच भांड्यातली आहे. दोन्हीत नवाच माल आहे. आणि पोत्याच्या कुबट वासानं मला ओकारी येतेय.”

नाकशेठच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आता चिडतील, भांडं आपटतील, असं ताईंना वाटलं. ते खुर्चीवर बसले. हात टेबलावर तसेच पडून राहिले.

“कधीपासून माहिती आहे तुला?”

“कॉफीत साबण होता त्या दिवसापासून.”

“साबण होता?” ते म्हणाले. “तू तर छान म्हणालीस.”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले.”

नाकशेठ हसले. ते हसू ताईंना ऐकवेना. “अगं, ताप उतरल्यापासून मी तुझ्या तोंडाकडे बघूनच कॉफी पितोय. तुझ्या पोटात काही राहत नाही, सगळं तोंडावर येतं. जरा काही बिघडलं की तुझा ओठ वाकडा होतो. म्हटलं, आपलं नाही तर हिचं तर नाक आहे. पुडा घरी कशाला आणला होता? रविवारी तू नुसतं तोंड जरी वाकडं केलं असतंस, तरी मी सोमवारी माल परत पाठवला असता.”

ताई मटकन समोरच्या खुर्चीत बसल्या. जन्मात कधी नाटक जमलं नव्हतं त्यांना, आणि जमलं ते नेमकं आताच. आपण त्यांना सांभाळतोय असं समजत राहिलो आणि त्यांच्या हातातली आधाराची काठीच काढून घेतली. त्या रडायला लागल्या. नाकशेठनी त्यांना रडू दिलं.

“मला विचारायचंत तरी,” त्या म्हणाल्या.

“लाज वाटली.”

भट्टी पेटायची वेळ होत आली होती. नाकशेठनी फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मालकीणबाईंना नाही लावला, भट्टीवालीला लावला.

“भट्टी पेटवू नकोस,” ते म्हणाले. “पोत्याचा वास येतोय म्हणालीस, ते बरोबर आहे. नाही, मला नाही आला. मला काहीच येत नाही. हो, काहीच. मालकीणबाईंना मी येऊन सांगतो, माझ्या तोंडानं. तुला बोललो ते मनावर घेऊ नकोस.”

पलीकडून ती काय म्हणाली ते ताईंना ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर नाकशेठनी कपडे बदलले, बूट घातले आणि दारापर्यंत जाऊन परत आले. भांड्यातली कॉफी त्यांनी ओतून दिली. दट्ट्याची जाळी सुटी करून साबणानं घासली आणि ते ती नळाखाली धरून बसले, बोटांनी घड्या पुन्हा पुन्हा चोळत. मग ती ओली जाळी त्यांनी ताईंच्या नाकापुढे धरली.

“साबण राहिलाय का गं? खरं सांग हं.”

ताईंनी डोळे पुसले, वाकून हुंगलं आणि ओठ वाकडा केला.

“राहिलाय,” त्या म्हणाल्या.

“बरं,” नाकशेठ म्हणाले, आणि त्यांनी नळ पुन्हा सोडला.