दोघांची होडी

होडीवाल्याने दोघांना एकाच होडीत बसवलं, पुढे सासरे, मागे सून, आणि प्रत्येकाच्या हातात एक वल्हं दिलं. "मागच्यांनी दिशा सांभाळायची, पुढच्यांनी नुसतं वल्हवायचं," तो म्हणाला.

"म्हणजे घरी चालतं तसंच," सासरे म्हणाले.

सून हसली. नवरा होता तेव्हा समुद्रावर यायचे बेत पुष्कळ झाले, पण ते तसेच राहिले, आणि मग तोच गेला. या वेळी हट्ट धरला तो सासऱ्यांनी. जन्मभर सलूनमध्ये उभं राहून गुडघे कामातून गेलेला हा माणूस 'डॉल्फिन बघायचेत' म्हणून अडून बसला. सून दवाखान्यात नर्स होती. तिने कशीबशी रजा काढली.

पाणी शांत होतं. खडकांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. सासऱ्यांचं वल्हं पाण्यापेक्षा हवेतच जास्त फिरत होतं.

"बाबा, भिजवलंत मला!"

"मग त्या एक्स-रेवाल्याला का नाही आणलंस? त्याने वल्हवलं असतं."

तिचा हात थांबला. होडी तिरकी झाली. "कोण एक्स-रेवाला?"

"तुमच्याच दवाखान्यातला. तुला रोज कोपऱ्यापर्यंत सोडतो. मग तू दुकानासमोरून एकटीच येतेस, जशी काही कुणाला दिसतच नाहीस. पोरी, माझ्या आरशात अख्खा रस्ता दिसतो."

त्याने लग्नाचं विचारलं होतं, आणि ती बाबांना आज सांगू, उद्या सांगू करत होती. "तुम्हाला एकटं टाकून मी कशी जाऊ?"

मागे वळावं तर होडी हलली असती. ते पाठमोरेच म्हणाले, "टाकायला मी काय गाठोडं आहे? चार गल्ल्या सोडून तर राहतो तो. मुलगा गेला तेव्हा तू नसतीस तर मी अंथरुणातून उठलो नसतो. पण म्हणून जन्मभर तू माझी पांघरुणं आवरत बसायचं, हे काही मला पटत नाही. माणूस चांगला दिसतोय. केस तेवढे कुठे कापून घेतो कोण जाणे, बघवत नाहीत."

ती रडता रडता हसली.

तेवढ्यात डावीकडे 'फुस्स' झालं. एक करडी पाठ वर आली, आणि तिच्या कुशीला चिकटून एक पिल्लू. "अगं बघ, बघ!" सासरे लहान मुलासारखे ओरडले, आणि त्या नादात त्यांच्या हातातलं वल्हं सुटून पाण्यात गेलं. मायलेकरं होडीखालून पलीकडे निघाली, पुन्हा वर आली. दोघं श्वास रोखून बघत राहिली.

वल्हं शोधून परत यायला बराच वेळ लागला. उतरताना सासऱ्यांचे गुडघे सरळ होईनात. तिने जोर लावून ओढलं आणि दोघंही धपकन पाण्यात बसली. होडीवाला धावत आला, तर ही दोघं पोट धरून हसत होती.

ओल्या कपड्यांनीच वाळूत बसून तिने पिशवीतला फोन काढला. "रविवारी घरी ये," ती म्हणाली. "बाबांना भेटायला."

पलीकडून काय उत्तर आलं ते सासऱ्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी सुनेचा चेहरा तेवढा पाहिला, मग पायातले ओले बूट काढले आणि उन्हात पालथे घातले.