सहाणेवरची गोळी

रुक्मिणीबाईंनी नवऱ्याचा जबडा अंगठ्यानं दाबला आणि दात जरा विलग होताच चमचा आत सरकवला.

"गिळा. मध हाय त्यात, इख न्हाई."

अनंतराव ठसकले. मधातली गुलाबी रेघ ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून ओघळली, ती बाईंनी पदरानं टिपली. पक्षाघातानं त्यांची वाचा आणि उजवी बाजू नेली, त्याला चार महिने झाले होते. उरलेल्या डाव्या हातानं त्यांनी पलंगाचा कठडा घट्ट धरला होता. रोज सहाण दिसली की तो हात कठड्याकडे जायचा आणि दात आवळले जायचे.

"हट्ट बघा म्हाताऱ्याचा," बाई म्हणाल्या.

चार महिन्यांत त्या चिखलीतल्या या चौथ्या मजल्यावरून खाली उतरल्या नव्हत्या. खिडकीच्या जाळीतून समोरच्या वर्कशॉपचा पत्रा तेवढा दिसे, आणि त्याचा कॉम्प्रेसर दिवसभर धापा टाकी. औषध दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं नाही, हा कायदा त्यांचाच. तीन पोरं अन् पाच नातवंडं गुटी उगाळून वाढवली, तिथं गोळी ती काय!

सुनेनं, अबोलीनं, एकदा भीतभीत विचारलं होतं, "आई, सगळ्याच गोळ्या उगाळायच्या असतात का? खालच्या मेडिकलमध्ये इफ्फतला विचारते."

"विचार की. अन् येताना मला एक पाळणाबी घेऊन ये. मीच आता ल्हान झाले."

अबोलीनं पुन्हा विषय काढला नव्हता.

आज महिन्याची औषधं घेऊन इफ्फत स्वतःच वर आली. तोवर अनंतरावांनी ग्लानीत मान टाकली होती. कपाळावर गार घाम.

"आजोबा सकाळीच असे?"

"रोजचंच हाय. दुपारपातुर डोळा उघडत न्हाई. हिची पेज पाण्यावानी, माणसात जीव राहील कसा?"

अबोलीनं पेजेची वाटी उचलली. इफ्फतची नजर सहाणेवरच्या गुलाबी ओरखड्यावर थांबली.

"आजी, ही प्रेशरची गोळी उगाळता तुम्ही?"

"मग अख्खी घालू? नरड्यात अडकंल की."

"ही फोडायची नसते. दिवसभर थोडी थोडी विरघळावी अशी बनवलेली असते. उगाळली की सगळं औषध एकदम भिनतं, प्रेशर धाडकन खाली येतं." तिनं फोन काढला. "डॉक्टरांना आत्ताच बोलावते. गिळता येईल असं दुसरं काही देतील. आणि आजी, आडवं ठेवून काहीच देऊ नका. ताठ बसवायचं, हनुवटी छातीकडे."

बाई पदरावर वाळलेला गुलाबी डाग नखानं खरवडत राहिल्या.

दोन दिवसांनी नवं औषध आलं, घट्ट दह्यात कालवून द्यायचं. अबोलीनं सासऱ्यांना उशा लावून बसवलं. सहाण माळ्यावर गेली होती. तरीही बाई चमचा घेऊन जवळ येताच डावा हात कठड्याकडे गेला. दात आवळले.

बाईंचा अंगठा सवयीनं जबड्याकडे निघाला आणि वाटेतच थांबला.

"चार महिने तुमी हेच सांगत व्हता व्हय?"

अनंतराव त्यांच्याकडे बघत राहिले. खाली कॉम्प्रेसर सुरू झाला.

"आई, मी देऊन बघू?"

"थांब. त्यांना उघडू दे तोंड."

चमचा ओठांपासून वीतभर लांब धरून त्या स्टुलावर बसल्या. तसंही त्यांना कुठं जायचं नव्हतं.