बाटलीवरची मावशी

भट्टीतून दारूची धार सुरू झाली तसा मावशीने हात पुढे केला. तांब्याच्या नळीतून पडलेले चार थेंब तिने दोन्ही तळव्यांत चोळले, नाकाशी नेले आणि मान हलवली. अजून नाही. पहिली धार अशीच बाजूला काढायची असते. तिला रंगवाल्याच्या डब्यासारखा उग्र वास येतो. ती वेगळ्या कॅनमध्ये जाते आणि लाद्या पुसायला वापरली जाते. वास मऊ झाला, पिकलेली नासपती नुकतीच चिरल्यासारखा झाला, की मग खालचे भांडे बदलायचे. तो क्षण कोणता, हे सांगणारे एक यंत्र पाहुण्याने आणून ठेवले होते. यंत्राचे आणि मावशीचे पटले नाही की पाहुणा यंत्र बंद करत असे.

पाहुणा म्हणजे या छोट्या कारखान्याचा मालक. समुद्रापलीकडून चार महिन्यांसाठी म्हणून आला, इथलीच मुलगी करून राहिला, त्याला अकरा वर्षे झाली, तरी नाव पाहुणाच पडले. आजोबांचे तांब्याचे भांडे त्याने जहाजातून आणवले होते. त्याच्याकडे एका काटेरी झुडपाची काळीनिळी फळे घालून दारू गाळत. मावशीच्या सासरी नासपतीची गाळत, मातीच्या मडक्यात, टेकडीआड, आणि कोणी विचारले तर काहीच गाळत नसत. पाहुण्याने दोन्हींची सांगड घातली. औषध न फवारलेल्या बागेतले फळ, त्याच्या आजोबांचे तांबे आणि मावशीचे नाक.

"आधी भट्टीवर पोलीस यायचे, आता पाहुणे येतात," असे मावशी बघायला आलेल्यांना सांगे. ते हसत आणि तिच्याबरोबर फोटो काढून घेत.

तिचा पहिला मोठा फोटो मात्र ताईंनी काढवला होता. ताई म्हणजे पाहुण्याची बायको. विक्री, कागदपत्रे, सरकारी परवाने सगळे त्या बघत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एका फोटोवाल्याला बोलावले, मावशीला खिडकीपाशी उभे केले आणि हसू नका, नेहमीसारख्याच बघा, असे सांगितले. मावशी नेहमीसारखी बघत राहिली. तो चेहरा बाटलीवर आला. खाली दोन लिप्यांमध्ये एकच शब्द, 'मावशी'. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत मजकूर होता. मावशीला वाचायला जड जाई, म्हणून ताईंनीच तिला वाचून दाखवला होता. चार पिढ्यांची कला, सेंद्रिय फळ, दोन देशांचे संस्कार, एका आईचे हात. मावशीने सगळे ऐकून घेतले आणि छान आहे म्हणाली. दुकानात लोक "एक मावशी द्या" म्हणू लागले, तेव्हा तिला जरा गंमतही वाटली होती.

मावशीच्या नवऱ्याबद्दल त्या मजकुरात काही नव्हते. तो सुतार होता, हाताने चांगला. पहिल्या धारेची म्हणजे मर्दाची, असे म्हणायचा आणि बायकोने टाकून द्यायला ठेवलेलीच आधी प्यायचा. तिने ती लपवली तर शोधून काढायचा, ओतून टाकली तर मधली प्यायचा. एक्केचाळिसाव्या वर्षी डोळे हळदीसारखे करून गेला. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. पुढच्याच महिन्यात मावशीने पुन्हा मडके चढवले, कारण तिला दुसरे काही येत नव्हते. मुलीचे नर्सिंगचे शिक्षण त्याच मडक्यावर झाले. नोकरी लागली तशी मुलगी हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. आईला फोन करायची, तब्येत विचारायची, गोळ्या पाठवायची. भट्टीचा विषय दोघीही काढत नसत. कारखान्यात तर तिने कधी पाऊल टाकले नव्हते.

त्या दिवशी दुपारी मात्र ती मावशीला फाटकाशी उभी दिसली. मधली धार चालू होती. मावशीने पाहुण्याला बोलावून नळीपाशी उभे केले, वास तिखट झाला की पुन्हा भांडे बदलायचे, तेव्हा हाक मार म्हणून सांगितले आणि हात पुसत बाहेर गेली.

मुलगी आत यायला तयार नव्हती. फाटकाजवळ रिकामे क्रेट पालथे पडले होते, त्यांवर दोघी बसल्या. मुलगी रडली नाही. वॉर्डातली केस सांगावी तसे सांगू लागली. शाळेत गणित शिकवणारे एक सर तिच्या वॉर्डात होते. यकृत गेलेले, पोटात पाणी, तिसऱ्यांदा दाखल झालेले. माणूस अतिशय सभ्य. सुई टोचली तरी थँक यू म्हणायचे. रविवारी पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली आणि सकाळपर्यंत सगळे आटोपले. त्यांची बायको खाटेजवळच्या कपाटातले सामान आवरत होती. टॉवेलमध्ये गुंडाळलेली बाटली निघाली, अर्धी भरलेली.

"त्यांनी बाटली हातात धरली," मुलगी म्हणाली. "आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग परत बाटलीकडे. म्हणाल्या, सिस्टर, या तुमच्या कोण?"

मुलीचे नाक, कपाळ, भुवया सगळे मावशीवर गेले होते. लहानपणापासून जो तो तेच म्हणायचा.

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कोणी नाही."

फाटकाबाहेरून एक ट्रक गेला. मुलगी त्याच्याकडे बघत पुढे बोलली.

"तीन दिवस झाले आई, मला झोप नाही. त्यांना फसवलं म्हणून, की तुला नाकारलं म्हणून, तेच कळत नाही."

मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, पण त्याला ताज्या दारूचा वास होता. तिने तो परत मांडीवर घेतला. सर कुठे राहायचे, एवढेच विचारले. पाण्याच्या टाकीमागे दुसऱ्या गल्लीत, मुलगी म्हणाली. मग घड्याळ बघून उठली. तिची चारची ड्यूटी होती.

आतून पाहुण्याने हाक मारली होती की नाही, कोणास ठाऊक. मावशी परत गेली तेव्हा वास तिखट होऊन बराच वेळ झाला होता. खालचे भांडे तिने हुंगले आणि आजची सगळी फेकून दे म्हणाली. पाहुण्याने काही न विचारता भांडे नेऊन ओतले. इतक्या वर्षांत तिच्या हातून वेळेवर भांडे बदलायचे पहिल्यांदाच राहिले होते.

संध्याकाळी तिने ऑफिसात जाऊन, माझे तोंड बाटलीवरून काढा, असे सांगितले. ताईंना वाटले, कोणी काही बोलले असेल. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले. मावशीने सरांची गोष्ट सांगितली. ताईंच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते खरे होते. पण त्या माणसाने कोणतीही प्यायली असती, असे त्या म्हणाल्या. आपण तर सर्वांत शुद्ध बनवतो. शिवाय लोक दारू घेत नाहीत, तुमची गोष्ट घेतात. चेहरा गेला तर आपण आणि इतर यांत फरक काय राहणार, आणि या कारखान्यावर सात घरे चालतात. त्यातले काहीच खोटे नव्हते.

पाहुणा तोवर खिडकीबाहेर बघत होता. एकदम वळून त्याच्या मोडक्या भाषेत म्हणाला, "नवीन छापताना काढू. छापलेल्या आहेत त्या विकल्या जातील. माफ कर मावशी, त्या मी परत आणू शकणार नाही."

"हंगाम संपेपर्यंत येईन मी," मावशी म्हणाली. "झाडावरची फळं सडू द्यायची नाहीत. पुढच्या वर्षी मात्र तुमचं तुम्ही बघा."

ताई काही तरी बोलणार होत्या, पण पाहुण्याने नुसती मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी पाण्याच्या टाकीमागे गेली. दुसऱ्या गल्लीतले घर शोधावे लागले नाही. एकाच दाराबाहेर चपलांची गर्दी होऊन गेल्याच्या खुणा होत्या, पायरीवर माती, कोपऱ्यात दोन न नेलेल्या छत्र्या. दार उघडेच होते. सरांची बायको पन्नाशीची, बारीक चणीची, आत मोरीच्या कट्ट्यावर बसली होती. पुढ्यात मोठे घमेले, त्यात गरम पाणी आणि पाण्यात बाटल्या. तिने वर बघितले आणि हातातला चाकू तसाच राहिला.

"या," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, ती सिस्टर तुमची कोणी तरी आहे."

"मुलगी आहे. कोणी नाही म्हणाली, त्याचं तिला लागलंय. तिच्यावर राग धरू नका."

"राग कशाला धरू? त्या पोरीनं त्यांचं सगळं केलं." तिने हाताने एक पाट मावशीकडे सरकवला. मावशी बसली.

सरांची बायकोच बोलत राहिली. भंगारवाला दुपारी येणार होता. बाटल्या अशाच दिल्या असत्या, पण पोत्यातून कागद दिसतात, गल्लीला मोजायला काम होते. म्हणून कागद काढून टाकत होती. आधी सर साधी, स्वस्तातली घ्यायचे. दुसऱ्यांदा हॉस्पिटलातून आले, तेव्हा बायकोचा हात हातात घेऊन शपथ घेतली. सहा आठवडे पाळली. मग एक दिवस ही घेऊन आले. म्हणाले, ही तशी नाही. हिच्यात औषध-रसायन काही नाही, घरच्यासारखी आहे.

"मागचं मला मोठ्यानं वाचून दाखवायचे," ती म्हणाली. "शिकवायची सवय ना. चार पिढ्या, सेंद्रिय फळ, एका आईचे हात. माझं पाठ झालंय. मलाही वाटलं, बाईचा चेहरा आहे, बरी असेल."

मावशीने घमेल्याकडे बघितले. पाण्यात पाच-सहा चेहरे वर तरंगत होते, कडा सुटलेले.

"तुम्ही पिता का?" सरांच्या बायकोने विचारले. आवाजात टोचणे नव्हते. नुसते जाणून घ्यायचे होते.

"नाही. जिभेला लावते आणि थुंकते."

"का?"

"माझा नवरा यातच गेला. मीच गाळलेली पिऊन."

सरांच्या बायकोने हातातला चाकू कट्ट्यावर ठेवला.

"मग ते पण लिहायला हवं होतं ना," ती म्हणाली.

"हो," मावशी म्हणाली. "लिहायला हवं होतं."

मग तिने पाण्यात हात घातला आणि एक बाटली उचलली. भिजलेला कागद नखाने कडेकडेने सोडवला. मधला भाग घट्ट बसला होता, तो अंगठ्याने घासून काढावा लागला. आधी हनुवटी गेली, मग तोंड. डोळ्यांपाशी डिंक जास्त लागला असावा. ते सगळ्यांत शेवटी निघाले, तुकड्या-तुकड्याने. काच स्वच्छ झाली तशी तिने ती भिंतीशी उभी ठेवली आणि दुसरी घेतली. समोर सरांची बायकोही पुन्हा खरवडू लागली होती. दोघींचा वेग हळूहळू एक झाला.

घमेले रिकामे झाले तेव्हा भिंतीला लागून दोन रांगा उभ्या होत्या. पाणी गार आणि दुधासारखे गढूळ झाले होते.

"झाल्या?" मावशीने विचारले.

सरांच्या बायकोने नाही म्हणून मान हलवली. "कपाटावर आहेत. आणि पलंगाखालच्या ट्रंकेत. पुस्तकांमागे पण असतील, मी अजून बघितलं नाही."

मावशीने गढूळ पाणी मोरीत ओतले, घमेले विसळले आणि बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या.

"बघून आणा," ती म्हणाली. "मी पाणी तापत ठेवते."