गीझरचं झाकण

"मावशी, नळ सोडा!" शेजारच्या व्हर्जिलने बाहेरून ट्रेलरच्या भिंतीवर थाप मारली.

"कधीचा सोडलाय! बर्फासारखं येतंय!" ऑर्फामावशी आतून ओरडल्या.

भिंतीत गीझरसाठी ठेवलेल्या चौकोनावरचं झाकण काढून व्हर्जिलने गुडघ्यांवर बसून आत डोकावलं. नवा गीझर सकाळीच बसवला होता. नळ्या घट्ट होत्या. साबणाचं पाणी लावून दोनदा पाहिलं, गॅस कुठेही गळत नव्हता. तरी जाळ विझला होता. तिसऱ्यांदा.

ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं पत्र्याचं घर, एकसष्ट सालचा. मावशींचा नवरा एमरी कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाला, तेव्हा त्याने तो ओढ्याकाठी आणून उभा केला आणि पुन्हा कधी हलवला नाही. एमरी वारला, मावशी राहिल्या. आता त्र्याऐंशीच्या आहेत. गेल्या महिन्यात जुना गीझर बुडातून गळायला लागला, तेव्हापासून पातेल्यात पाणी तापवून अंघोळ चालली होती. एक दिवस पातेलं हातून निसटलं आणि पाऊल भाजलं. लेक नीडा लेक्सिंग्टन शहरातून धावत आली, पट्टी बांधली आणि जाताना बजावून गेली, "पुढच्या शनिवारी येते. तोवर नळाला गरम पाणी आलं नसेल, तर तुला घेऊनच जाईन."

आज शनिवार होता.

"नीडाकडे काय वाईट आहे, मावशी? लिफ्ट आहे म्हणे," व्हर्जिल म्हणाला.

"लिफ्टला काय ओवाळू? तिथल्या चर्चमध्ये गेले होते ना मी. तो पाळक नुसता बोलतो रे! बातम्या दिल्यासारखा. मी आपली वाट बघतेय, आता सूर लागेल, आता लागेल. तर म्हणे आमेन, आणि सगळे चालले कॉफी प्यायला!"

व्हर्जिल हसला, पण त्याला ते पटलं. त्यांच्या इथल्या चर्चमधले वडीलधारे उपदेशक आधी चाचरत, माफी मागत बोलायला उभे राहतात. मग कधीतरी, कुणाच्या नकळत, शब्दांना चाल लागते. ओळीमागून ओळ चढत जाते, बायका डोळे पुसतात, म्हातारे उठून एकमेकांचे हात हातात घेतात. ते ऐकलं नाही तर रविवार म्हणजे नुसती सुट्टी.

त्याने पुन्हा जाळ पेटवला. निळा, ताठ उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली, हलला नाही. मग त्याने झाकण लावलं. फटीतून दिसेल म्हणावं, तर फटच नव्हती. थोड्या वेळाने उघडून पाहिलं, तर जाळ पिवळा पडून लवत होता. बघता बघता विझला.

झाकण त्याने स्वतः घडवलं होतं. जुन्या ट्रेलरचा चौकोन मोठा, नव्या गीझरबरोबर आलेलं झाकण चारी बाजूंनी दोन दोन बोटं अपुरं. शिवाय त्याला ओळीने चिरा पाडलेल्या. व्हर्जिलने नाक मुरडून ते बाजूला टाकलं आणि तीन दिवस शेडमध्ये बसून अॅल्युमिनियमचा पत्रा ठोकला. भिंतीवरच्या पन्हाळींशी पन्हाळी जुळवल्या. कोपरे असे बसवले की सुरीचं पातंही आत जाऊ नये. कडेने फट बुजवायची गोंदपट्टी. धूर जायला वर एक नळकांडं, बस्स. चाळीस वर्षं त्याने शाळा-दवाखान्यांत हवा खेळवणारे पत्र्याचे बोगदे केले होते. मुकादम सांध्यापाशी पेटती काडी धरायचा. जाळ हलला की काम परत. व्हर्जिलच्या सांध्यापाशी तो कधी हलला नव्हता.

मावशी लंगडत बाहेर आल्या. "काय रे, काय बिनसलं?"

"झाकण चांगलं झालंय."

"मग?"

"फार चांगलं झालंय. हवाच आत जात नाही."

मावशींनी एकदा झाकणाकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "अरे मेल्या! जाळाचा गळाच आवळलास की!"

"सवय, मावशी."

"राहू दे उघडं."

"वाऱ्याने विझेल. पावसाचं पाणी भिंतीत शिरेल."

त्याने पेन्सिलीने खुणा केल्या, खाली चार ओळी, वर चार. ड्रिल हातात घेतलं आणि चकचकीत पत्र्यावर टोक ठेवून तो तसाच थांबला.

"मी आत जाऊ का? तुला रडायचं असेल तर," मावशी म्हणाल्या.

"जा, आणि नळ सोडा," तो म्हणाला आणि पहिलं भोक पाडलं.

दुपारी नीडा आली. गाडीत मागे रिकामी खोकी होती. तिने नळाखाली हात धरला आणि चटकन मागे घेतला. मग ती बाहेर आली.

"व्हर्जिलकाका, एवढी भोकं?"

"जाळाला हवा लागते. मला उशिरा कळलं."

"कंपनीचं झाकण नव्हतं?"

"होतं. भोकांसकट."

नीडाला हसू आलं, पण ते टिकलं नाही. दारात येऊन उभ्या राहिलेल्या आईच्या पट्टी बांधलेल्या पावलाकडे तिने पाहिलं. "थंडी पडली की पुन्हा बघू," एवढंच म्हणाली. मावशींनी बांधून दिलेला मक्याचा पाव तिने खोक्यांवर ठेवला आणि ती निघून गेली.

व्हर्जिलने हत्यारं आवरली. जाता जाता झाकणावरून हात फिरवला, तर बोटाला बोचलं. ड्रिलने कडा उचलल्या होत्या. मावशी इथेच कपडे वाळत घालतात. त्याने झाकण उतरवलं, मांडीवर घेतलं आणि बारकी गोल कानस काढली. आत अंघोळीचं पाणी वाहत होतं. एकेका भोकात कानस फिरवायची, बोटाने चाचपायचं, पुढच्याकडे वळायचं. वरच्या चार ओळी झाल्या. तो खालच्या ओळींना लागला.