अर्जुनरावांचा हयातीचा दाखला

शेषरावांच्या पोटात दुखायला लागलं ते अर्जुनरावांच्या पहिल्या फोटोपासून. फोटोत तळं होतं, तळ्यामागे बर्फाचा डोंगर, आणि पुढे खुर्चीत मफलर गुंडाळून बसलेले अर्जुनराव, हातात कप. खाली लिहिलं होतं, 'पोखऱ्याचा चहा'. अमडापूरच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर त्या फोटोला एकेचाळीस अंगठे पडले. बेचाळिसावा शेषरावांचा पडायला हवा होता, तो काही पडला नाही.

मुलगा अमेरिकेत असलेल्या माणसाचा हेवा शेषरावांनी कधी केला नाही. तो आपल्या पंगतीतलाच नव्हे. पण अर्जुनराव! जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत दोघांनी तीस वर्षं खडू झिजवला, निरोपाचा हार दोघांच्या गळ्यात एकाच दिवशी पडला आणि पेन्शनही दोघांना सारखीच. त्याच बेताच्या पेन्शनीत या गृहस्थाने नेपाळात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, बायकोला घेऊन गेला आणि साहेबासारखा राहू लागला. आणि आपण? आपण रोज सकाळी बसस्टँडवर जाऊन पेपर वाचतो, तोही हॉटेलवाल्याचा.

"थ्या डोंगरात काय जीव रमते का?" भेटेल त्याला शेषराव सांगत. "ना आपली मानसं, ना आपली भाकर. सहा महिन्यांत बोंबलत वापस येते का नाही पाह्यजा."

सहा महिने गेले, आठ गेले, अर्जुनराव काही बोंबलले नाहीत. उलट सत्यभामाबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, दमा तिकडच्या हवेने बराच कमी झाल्याची बातमी आली. शेषरावांच्या बायकोने, मनकर्णाबाईंनी, ती ऐकून देवापुढे साखर ठेवली. शेषरावांना त्या साखरेचासुद्धा राग आला.

मग नोव्हेंबर आला. या महिन्यात पेन्शनवाल्याने आपण जिवंत असल्याचं बँकेला पटवून द्यायचं असतं. नाही दिलं, की पेन्शन थांबली. दरवर्षी हे दोघं जोडीनेच जायचे, सह्या करायचे आणि बाहेर येऊन कचोरी खायचे. या वर्षी मात्र फोन आला.

"शेष्या, दाखल्यासाठी मोबाईलवर माहा चेहरा जुळूनच नाही राह्यला बे. इथल्या आपल्या सरकारी हापिसातल्या साहेबाचा सही-शिक्का घेऊन दाखला तुह्या पत्त्यावर धाडला. तेवढा बँकेत देजो. आन् तू काऊन येत नाही इकडे? एक खोली रिकामीच हाये."

"येतो ना," शेषराव म्हणाले. मनात म्हणाले, बोलावतो कसा बघा, जसं काही तळं याच्या बापाचं!

पाकीट आलं आणि शेषराव ते घेऊन बँकेत गेलेही. स्वतःची सही केली. अर्जुनरावांच्या पाकिटासाठी पिशवीत हात घातला, पाकीट हाताला लागलंही, आणि नेमका तेव्हाच मोबाईल वाजला. नवा फोटो. अर्जुनराव होडीत. हात रिकामाच बाहेर आला.

घरी येऊन त्यांनी पाकीट लोखंडी कपाटात, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं. जास्त काय होणार? पेन्शन अडकेल, भाडं थकेल, माणूस धावत गावाकडे येईल. पुन्हा सकाळी बसस्टँडवर दोघं. यात वाईट ते काय? अशी स्वतःची समजूत घालून ते आडवे झाले, तर दुपारची झोपही मस्त लागली.

डिसेंबरभर त्यांनी उत्तरं घोटून ठेवली. 'पोस्टाचा काय भरवसा', 'मी तं रोज वाट पाहून राह्यलो होतो'. जानेवारीच्या दोन तारखेला फोन वाजला तेव्हा ते दुःखी आवाज काढूनच बोलायला लागले.

"बोल रे अर्जुना..."

"पेन्शन जमा झाली बे!" अर्जुनराव खुशीत होते. "वयनीले सांगजो, लय उपकार झाले. बँकेतल्या मॅडमले फोन केला तवा समजलं, वयनी सोता येऊन दाखला देऊन गेल्या म्हने."

"सांगतो," म्हणून शेषरावांनी फोन ठेवला. त्यांनी कपाट उघडून वह्या उपसल्या. पाकीट नव्हतं.

मनकर्णाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. शेषराव समोर जाऊन उभे राहिले.

"थे पाकीट..."

"मले कवाच दिसलं होतं," मान वर न करता त्या म्हणाल्या. "राहू देलं तसंच. म्हटलं, देतीन. आज लाज वाटन, उद्या वाटन. तुमी बाहेर निघाले का मी रोज कपाट उघडून पाहो. नोव्हेंबरच्या तीस तारखेलोक वाट पाह्यली. मंग गेली मी."

"बोलली काऊन नाही?"

"काय बोलू? माहा नवरा दोस्ताच्या पोटावर पाय देऊन राह्यला, हे कोन्या तोंडानं म्हनू?"

"मले वाटलं, थो वापस येईन," शेषराव कसेबसे म्हणाले. ते खरंही होतं. पण मोठ्याने बोलल्यावर किती हलकट वाटतं, ते त्यांना आत्ता कळलं.

मनकर्णाबाईंनी दोन-चार शेंगा सोलल्या.

"सत्यभामानं बलावलं मले. पुढच्या महिन्यात जाऊन राह्यली मी तिच्याकडे. प्रेमनं तिकीट काढलं."

प्रेम म्हणजे त्यांचा मुलगा. शेषरावांच्या छातीत तीच ओळखीची आग उठली, या वेळी बायकोच्या हेव्याची.

"एकच काढलं?"

"थो दोन काढत होता. म्याच नको म्हटलं. त्याइच्या घरचं अन्न तुमच्या घशाखाली कसं उतरन?"

शेषराव पायरीवर टेकले. त्यांनी सुपातली एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली. मनकर्णाबाईंनी सूप आपल्याकडे ओढून घेतलं.