ओवीतली रिकामी जागा

माइकच्या केसाळ टोपीत अडकलेला एक केस — तांबूस, तेल न लागलेला, टोकाला दुभंगलेला... कालिंदीनं तो चिमटीत धरला, आणि स्टेशनबाहेरचा तो ओटा, त्यावर माइकला मांजरासारखा गाल लावून बसलेली नऊ वर्षांची भागू, सगळं चिकलठाण्यातल्या या बंद खोलीत उन्हासकट येऊन बसलं.

"ताई, दुसरा टेक लावतो," संकलन करणारा मुकुंद म्हणाला. "शेवट तोच. उद्या फिल्म पाठवायचीय."

बेघर, अनाथ पोरांवरची फिल्म. दोन वर्षं त्यांच्यामागं हिंडून केलेली. शेवटी भागूची ओवी. गजरे विकणाऱ्या द्वारकाबाईकडून तिनं ती उचललेली —

सांजच्या दिव्यापाशी, कोण गं उभी राही
वाट माझी पाहते, साळू माझी आई

साळू ही द्वारकाबाईची आई. ओवीत नावाची एक जागा असते. जी गाते तिनं तिथं आपलं माणूस बसवायचं. भागू त्या जागेपाशी यायची आणि नुसती गुणगुणायची — अंऽऽ माझी आई — दाण्यांचा घास न टाकता जात्याला फेरा द्यावा तशी... आणि मी, कालिंदीला आठवलं, कॅमेऱ्यामागून किती सहज म्हणाले होते, रिकामं कशाला ठेवतेस गं? नाव घाल ना.

"कोनाचं घालू?"

"घाल कुणाचंही."

मुकुंदनं टेक लावला. भागूचा आवाज, न अडखळता: वाट माझी पाहते, कालिंदी माझी आई. लगेच, बोलक्या सुरात, "जमलं का वो, ताई?"

जमलं, म्हणाले होते मी. वायरी गुंडाळल्या, रिक्षा केली... त्याला आज सोळा दिवस. तिकडं रोज सांजेला दिवे लागत असतील, आणि त्या दिव्यापाशी उभं कोण, वाट कोण पाहतं —

"लोक रडतील बघा," मुकुंद म्हणाला.

"रडतील आणि घरी जातील. माझ्यासारखेच." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, इतका शांत. "पहिला टेक घे, गुणगुणण्याचा. पुढं माझा आवाज ठेव, नाव घाल ना म्हणतानाचा. 'कोनाचं घालू'वर संपव."

"वाईट दिसाल तुम्ही, ताई."

"दिसू दे."

"आणि ते नाव? एवढं गोड म्हटलंय पोरीनं."

"ते फिल्मचं नाही."

 मुकुंदनं माऊस ओढला.

जालना रोडवर ऊन कलतं झालं होतं. स्टेशनकडं जाणाऱ्या रिक्षात कालिंदीच्या मांडीवर आज कॅमेरा नव्हता, आणि मोकळ्या हातांना काय करावं ते समजत नव्हतं. तो केस रुमालाच्या घडीत होता. नाही जमलं मला, भागू — आधी एवढंच सांगायचं, तिच्याशेजारी ओट्यावर बसून. मग ती विचारेल, नाव राहू देऊ का काढू? विचारेलच... पण आता तिला पळायचं नव्हतं. सांजच्या दिव्यापाशी — तिनं हलकेच धरली ओवी, वाट माझी पाहते — आणि त्या जागेपाशी आल्यावर ती नुसतीच गुणगुणली.